आखाजीपर्यंत काडी लावायची नाही

आमच्या घरात जेठ आणि भावजय एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण नाही, रीत आहे. जेठ म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. ते ओट्यावर बसलेले असले की मी मागच्या दाराने जाते, आणि त्यांना मला काही सांगायचं असलं की ते माझ्या सासूबाईंना सांगतात. मी तिथेच हाताच्या अंतरावर पोळ्या लाटत असते. "माय, तिले सांग, उद्या मजुरांचा चहा लवकर पाह्यजे." सासूबाई माझ्याकडे वळून तेच वाक्य मला पुन्हा ऐकवतात. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते, मीही अक्काच म्हणते. "अक्का, भाऊंना सांगा, होईल." माझं उत्तर भाऊंच्या कानात गेलेलं असतं, तरी ते अक्कांनी सांगेपर्यंत थांबतात आणि मग मान हलवतात. मी शाळेत विज्ञान शिकवते, गाडी चालवते, मुख्याध्यापकांशी वाद घालते. घरी आलं की मात्र लग्न झाल्यापासून हा प्रकार. आधी मला हसू यायचं, मग राग यायला लागला, मग सवय झाली.

त्या वर्षी मला भाऊंशी भांडायचं होतं. मध्ये सासूला बसवून भांडून बघा एकदा. आपण तावातावाने बोलावं आणि आपलं बोलणं पलीकडे पोचेपर्यंत त्याचं पार वरण होऊन जावं.

आमचं केळीचं रान वरणगावच्या अलीकडे एका जुन्या तळ्याला लागून आहे. तळ्याच्या एका अंगाला मातीची उंच पाळ आहे, दुसऱ्या अंगाला आमची बाग, आणि बाग नि पाणी यांच्यामध्ये पाणकणीस. माणूस आत शिरला तर दिसणार नाही इतकं उंच आणि दाट. टोकाला तपकिरी, मखमली कणसं. गावाच्या दृष्टीने ही निरुपयोगी जागा. मी मात्र सकाळी शाळेआधी दुर्बीण घेऊन पाळीवर जाऊन बसते. दुर्बीण वडिलांनी चाळीसगावहून पाठवलेली. पहिल्यांदा ती गळ्यात अडकवून निघाले तेव्हा कोपऱ्यावरच्या बायका म्हणाल्या, "चालली वं पाखरंवाली." तेव्हापासून गावात माझं तेच नाव आहे.

मला तिथे कोणीही निरोप देत नाही, मुख्यतः म्हणून मी जाते. पावसाळ्यात कमळपक्षी लांब शेपटी सांभाळत तरंगत्या पानांवरून चालत असतो, जांभळ्या पाणकोंबड्या पाणकणसाचे कोंब सोलून खात असतात आणि मधेच गाढवासारख्या ओरडतात. दिवाळीनंतर पाणी काळं होतं, कारण वारकरी उतरतात. कपाळावर पांढरा टिळा असलेल्या त्या काळ्या पाणपक्ष्यांना आपल्याकडे वारकरीच म्हणतात. त्यांच्यामागून तलवार बदकं येतात. आणि मग भोवत्या येतो. हा शिकारी पक्षी पाणकणसाच्या शेंड्यांना लागून अगदी सावकाश उडतो, जणू काही हरवलेलं शोधतोय. तो आला की सगळं तळं एकदम गप्प होतं. वारकरी एकमेकांना चिकटून एका जागी गोळा होतात. कोणावर झडप येणार हे कोणालाच माहीत नसतं. त्या वेळी मी दुर्बीण इतकी घट्ट धरते की नंतर बोटं दुखतात.

पाणकणसात आणखीही कोणी राहत होतं. रानडुकरं. दिवसभर ती आत गारव्याला लोळत आणि अंधार पडला की आमच्या बागेत शिरत. केळीचं खोड म्हणजे नुसतं पाणी. डुकरानं बुंध्याशी उकरलं की उभं झाड घडासकट आडवं. संक्रांतीनंतर एका सकाळी तळ्याकडची कड अशीच आडवी पडलेली सापडली. भाऊ दिवसभर जेवले नाहीत. संध्याकाळी ओट्यावरून आवाज आला, "माय, बठ्ठी डुकरं त्या पाणकणसात ठाण मांडून बसेल हायेत. होयी झाली का काडी लावतो."

काडी लावायची म्हणजे पेटवून द्यायचं. उन्हाळ्यात बांध पेटवतातच आमच्याकडे, त्यात नवल नाही. चूक म्हणावी असंही नव्हतं. ती मृगबाग होती, पावसाच्या तोंडाशी लावलेली, आणि घड आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, थोड्याच दिवसांत कापायला येणार होते. वर्षभराची मेहनत झाडावर लटकत होती. मी पोळ्या लाटत राहिले.

होळीच्या आधी मला घरटं दिसलं.

जांभळा बगळा हा लाजाळू पक्षी. लांब, सापासारखी मान, गंजलेल्या लोखंडाचा रंग, पाणकणसात उभा राहिला की पाणकणीसच होतो. कितीतरी सकाळी तो एकाच जागी उतरतोय हे माझ्या लक्षात आलं. पाळीच्या टोकावरून, एका फटीतून, वाकवलेल्या पात्यांचा ओटा दिसला आणि त्यावर बसलेली मादी. पुस्तकात लिहिलंय की आपल्याकडे हे पावसाळ्यात घरटी करतात. या जोडीने पुस्तक वाचलेलं नव्हतं. त्या वर्षी तळ्यात पाणी टिकून होतं, तेवढं त्यांना पुरलं असावं. मला आनंद झाला तो घटकाभर. होळी तोंडावर आली होती, आणि घरटं बागेच्या बाजूच्या कडेला, जिथून भाऊ काडी लावणार बरोब्बर तिथे होतं.

नवऱ्याला सांगितलं. तो कारखान्यातून दुसऱ्या पाळीचा थकून आलेला. म्हणाला, "हा तुम्हा जेठ-भावजयीचा मामला आहे, मला मध्ये घेऊ नको." आणि झोपला. डोकं सणकलं माझं. मग अक्कांना मध्ये बसवून मी भांडले.

"अक्का, भाऊंना सांगा, अंडी आहेत. पिल्लं उडेपर्यंत थांबा."

अक्का वळल्या. "ती म्हनते, बगयाची अंडी हायेत. थोडं थांब."

"तिले इचार, डुकरं आली तं कोन पाहीन?"

"अक्का, त्यांना सांगा, तळ्याच्या कडेनं मी साड्या बांधते."

हे आमच्याकडे सगळे करतात. रानाच्या कडेनं काठ्या रोवून जुन्या साड्या ताणून बांधायच्या. वाऱ्यानं त्या फडफडल्या की डुकरं बिचकतात. भाऊंनी बराच वेळ सुपारी कातरली. मग म्हणाले, "आखाजीपर्यंत काडी लावत नही. आखाजीले लावनार. सांग तिले." आमच्याकडे शेतीचं साल आखाजीला सुरू होतं. बोली त्या दिवसापर्यंतच असते, मग ती सालदाराशी, वर्षाच्या गड्याशी, असो की भावजयीशी. अक्कांनी मला सगळं पुन्हा सांगितलं. माझा जीव भांड्यात पडला, पण मनात मी लगेच हिशेब मांडायला लागले की पिल्लं तोवर उडतील का.

अक्कांनी ट्रंक उघडली. लग्नातल्या, बारशातल्या, कोणी कधी आहेर म्हणून दिलेल्या, कितीतरी साड्या निघाल्या. जाऊनं, म्हणजे भाऊंच्या बायकोनं, दोन दिल्या, माझ्या जुन्या साड्या तर मी सगळ्याच दिल्या. गल्लीतल्या बायकांनीही दिल्या, वर टोमणाही मारला, "पाखराईले साड्या नेसवते का वं?" अक्का आणि मी दोन संध्याकाळी उन्हं उतरल्यावर काठ्यांना साड्या बांधत होतो. अक्कांची गाठ अशी की ट्रॅक्टरनं ओढली तरी सुटू नये. लाल, मोरपंखी, झेंडूच्या रंगाची कड तळ्याच्या काठानं उभी राहिली. मला तिचा चक्क अभिमान वाटला.

तोवर पिल्लं बाहेर आली होती. तीन, डोक्यावर उभे केस, सतत रागावल्यासारखी. साड्या बांधून झाल्याच्या दुसऱ्या सकाळी मी पाळीवर बसले आणि बघत राहिले. मोठा बगळा आला, घरट्यावर उतरायला पाय खाली सोडले, तेवढ्यात झेंडूच्या रंगाची साडी फडकली आणि तो वळून निघून गेला. पुन्हा आला, पुन्हा वळला. ऊन चढत होतं. एरवी मादी पंख अर्धे उघडून पिल्लांवर सावली धरते. आता पिल्लं उघडी होती, चोची वासून, गळा थरथरवत. वर एक घार घिरट्या घालायला लागली. शाळेची वेळ झाली, टळली. मी कुठेतरी वाचलं होतं की अशा उन्हात लहान पिल्लं फार वेळ तग धरत नाहीत.

ज्यांना वाचवायला मी साड्या बांधल्या होत्या, त्यांच्याच जिवावर त्या उठल्या होत्या. आणि साड्या सोडल्या तर भाऊंना दिलेला शब्द मोडणार. अक्कांना विचारायलाही वेळ नव्हता. मी पाळीवरून उतरले, वळसा घालून बागेत शिरले आणि घरट्यासमोरच्या साड्या सोडायला लागले. अक्कांच्या गाठी नखांनी सुटेनात. दातांनी सोडल्या. त्या साड्या छातीशी धरून मी केळीच्या खोडामागे उकिडवी बसले आणि वाट बघितली. बगळा आला. उतरला. पिल्लांचा तो कर्कश कलकलाट ऐकून मला रडू आलं, हे मी आजही कबूल करते.

संध्याकाळी ओट्यावरून आवाज आला. "माय, तिले इचार, मधल्या साड्या काहून सोडल्या?"

मी खरं ते सांगितलं. अक्कांनी ते जरा मवाळ करून पोचवायला सुरुवात केली, तर भाऊंनी हातानंच थांबवलं. ऐकलं होतं त्यांनी. उठून ते बाहेर पडले. मला वाटलं, संपलं, उद्या पेटलं. त्या रात्री डोळ्याला डोळा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तो साड्यांमध्ये पडलेल्या त्या खिंडाराच्या तोंडाशी, पण आत केळीच्या ओळीत, घरट्यापासून दिसणार नाही अशी, भाऊंची खाट टाकलेली. खाटेखाली रिकामा तेलाचा डबा आणि एक दांडकं. त्या दिवसापासून ते रात्री तिथे झोपायला लागले. जेवण मी डब्यात भरत असे, अक्का तो पाठवत.

माझा स्वभाव वाईट आहे. उपकार मानायच्या ऐवजी मी मनात म्हणायचे, केळीसाठीच झोपतायत, बगळ्यासाठी थोडेच.

चैत्रात एका दुपारी वर्गात फळ्यावर लिहिताना खिडकीतून धूर दिसला. तळ्याच्या दिशेनं, पांढरा, जाड. खडू हातातून पडला. मुलांना कोणाच्या भरवशावर सोडलं ते आठवत नाही. गाडी कशी चालवली तेही नाही. मनात एकच होतं, माणसानं शब्द मोडला, आणि माझ्याशी धड बोलतही नाही तो, म्हणून त्याला मोडता आला. पाळीवर पोचले तेव्हा कळलं की शेजारच्यानं आपला बांध पेटवला होता आणि वाऱ्यानं आग पाणकणसाकडे सरकत होती. पाणकणसाच्या तोंडाशी एक माणूस केळीचं ओलं पान घेऊन आग झोडपत होता. सदरा काळा, पाय उघडे. भाऊ. मी खाली धावले. दुसरं पान तोडलं आणि त्यांच्यापासून लांब, दुसऱ्या टोकाला झोडपायला लागले. आग विझली तेव्हा दोघंही खोकत होतो. ते माझ्याकडे पाठ करून ठिबकच्या नळ्या वितळल्यात का ते बघायला गेले. म्हणजे नळ्यांसाठीच धावले असतील, मी मनात म्हटलं. पण घरटं होतं, आणि पिल्लं ओट्याच्या टोकावर उभी राहून पंख मारत होती.

आखाजी जवळ आली. दोन पिल्लं उडाली. पहिलं धडपडत, दुसरं जरा दिमाखात. तिसरं, सगळ्यात धाकटं, घरट्याच्या कडेला उभं राहायचं, पंख पसरायचं आणि मिटून घ्यायचं. रोज तेच. मी दात खाऊन म्हणायचे, उड की मेल्या. आखाजीला लेकीबाळी माहेरी जातात, झोके बांधतात. मी चाळीसगावला कळवलं की येत नाही. "बगळासाठे?" एवढंच आईनं फोनवर विचारलं.

आखाजीचा दिवस उजाडला. नणंद जावयांसह माहेरी आली होती. पितरांसाठी पाण्याची घागर भरली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, गोवरीच्या निखाऱ्यावर तूप आणि पुरणपोळीचा घास टाकून आगारी दिली. आमरस झाला, सगळे आडवे झाले. मी नवी साडी नेसलेलीच होते. मागच्या दारात भांडी घासताना पाहिलं, भाऊंनी टोपी घातली, कोनाड्यातली काडेपेटी उचलली आणि निघाले. सालाचं पहिलं काम.

अक्का झोपल्या होत्या. निरोप द्यायला कोणी नव्हतं.

मी गाडी काढली. पोचले तेव्हा ते पाणकणसाच्या कडेला उभे होते. हातात काडी, पेटीवर टेकवलेली. वारा बागेकडून तळ्याकडे, जसा हवा तसाच. घरट्यात धाकटं उभं होतं. माझ्या डोक्यावर पदर नव्हता, आणि तोंड उघडलं तर शाळेतली भाषा नाही, सासरची नाही, थेट चाळीसगावची बाहेर आली.

"भाऊ, एक पिल्लू आजून तठेच शे!"

ते दचकले. इतक्या वर्षांत माझा आवाज त्यांच्याकडे तोंड करून कधी आला नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. घरट्याकडे पाहिलं. मग बागेकडे, कापायला आलेल्या घडांकडे. मी जीव मुठीत धरून उभी. काडी त्यांनी परत पेटीत घातली, पेटी सदऱ्याच्या खिशात टाकली आणि तळ्याला सांगितल्यासारखं म्हणाले, "वारं बरोबर नही आज."

वारा अगदी बरोबर होता.

त्या रात्री जावई मुक्कामाला, म्हणून अक्कांनी भाऊंना खाटेवर जाऊ दिलं नाही. वर्षाच्या सणाला तरी घरात झोप, म्हणाल्या. ते झोपले.

मी पहाटेच, कालच्याच साडीवर, पाळीवर. बागेच्या बाजूला ट्रॅक्टरचा आवाज येत होता, तो कानावर आला आणि गेला. मध्ये पाणकणीस, पलीकडचं काही दिसत नाही. धाकटं ओट्यावरून उतरून पात्यांवर चढलं होतं. पाती वाकत होती, ते सावरत होतं. मग बहुधा पाय घसरला आणि पंख आपोआप उघडले. पाण्याला टेकतंय असं वाटेपर्यंत खाली गेलं आणि मग वर. वाकडंतिकडं, मान अजून लांब सोडलेली, तळं ओलांडून पलीकडच्या बाभळीवर जाऊन आदळल्यासारखं बसलं. मी पाळीवर उभी राहून एकटीच टाळ्या वाजवल्या. वाटेत गाडीवर गाणं म्हणत आले.

अंगणात शिरले आणि गाणं तिथेच तुटलं. अंगणभर कच्च्या केळीचे घड, फुटलेले, चिरडलेले, मातीनं भरलेले. खिंडारातून डुकरं शिरली होती आणि ओळीच्या ओळी आडव्या झाल्या होत्या. असला माल व्यापारी घेत नाही. घरातली सगळी, नणंद, जाऊ, अक्का, माझा नवरा, जावईसुद्धा, परातींत पाणी घेऊन बसली होती. केळी सोलत होती, चकत्या पाडत होती. निदान वेफर्स तरी होतील म्हणून. मधोमध भाऊ. हाताची बोटं चिकानं काळी झालेली.

मला वाटलं, आता पाय मागे घ्यावा आणि सरळ चाळीसगावची गाडी पकडावी.

भाऊंनी मान वर केली नाही. हातातलं केळं सोलता सोलता विचारलं, "उडलं का?"

सगळ्यांच्या सुऱ्या थांबल्या. अक्का माझ्याकडे वळल्या, सवयीनं, निरोप सांगायला, आणि सांगण्यासारखं काही उरलेलं नाही हे कळून तशाच राहिल्या.

"उडालं, भाऊ," मी म्हटलं.

"मंग बस. सुरी घे."

अक्का म्हणाल्या, "जुनी साडी नेसून ये आधी, चीक लागीन." जुन्या साड्या सगळ्या तळ्यावर होत्या. मी तशीच, आखाजीच्या साडीवर, भाऊंच्या समोर बसले आणि परातीतलं केळं उचललं.